काचेबाहेरून जिवाणू मोजताना: सोयाबीन रायझोबियमच्या बॅचच्या नोंदी

२ मार्च

मृग लागायच्या आत सोयाबीनचं संवर्धक (बियाण्याला लावायचं जिवाणू खत) तयार हवं, म्हणजे मेअखेरपर्यंत सगळ्या बॅचेस निघायला हव्यात. लातूर भागातलं आमचं युनिट छोटं आहे. पाच लिटरच्या काचेच्या बाटल्यांत सीड (टाकीसाठीचं जिवाणूंचं विरजण) वाढवायचं आणि ते मोठ्या टाकीत ओतायचं. जिवाणू ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम. पाकिटावर नुसतं रायझोबियमच छापतात. हा हळू वाढणारा गडी. २८ अंशाला दुप्पट व्हायला आमच्याकडे आठ-दहा तास घेतो, त्यामुळे एक बाटली भरात यायला चारेक दिवस जातात.

आजवरची पद्धत अशी: बाटली ट्यूबलाइटसमोर धरायची, गढूळपणा बघायचा आणि अनुभवाने ‘झालं’ म्हणायचं. शंका आली तर नमुना काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये (नमुन्यातून किती प्रकाश पार जातो ते मोजणारं यंत्र) ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशाला रीडिंग. पण दर नमुन्याला बाटली उघडावी लागते आणि उघडली की दूषित व्हायची भीती. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे द्रवरूप रायझोबियममध्ये एका मिलीत किमान १० कोटी जिवंत पेशी लागतात, भुकटीत ग्रॅमला ५ कोटी. साठवणीत संख्या घटते, म्हणून बाटलीतून निघताना मिलीला १०० कोटींच्या आसपास असलेलं बरं.

बाटली न उघडता बाहेरून गढूळपणा मोजायचा, दोन गोष्टी कळाव्यात म्हणून: बॅच कधी काढायची आणि बॅच बिघडली असेल तर ती टाकीत ओतायच्या आधी. यासाठी परदेशी बनावटीची तयार उपकरणं मिळतात, पण तो आकडा आमच्या हिशेबात बसत नाही.

९ मार्च

पुण्याला दुसऱ्या कामाने जाणं झालं, तेव्हा बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून सामान आणलं. ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाला छोटा संगणक), एडीएस१११५ हा सोळा बिटांचा एडीसी (सेन्सरचा सिग्नल आकड्यांत बदलणारी चिप), ओपीटी१०१ हा प्रकाश मोजणारा फोटोडायोड (याच्या पोटातच अँप्लिफायर असतो), ८५० नॅनोमीटरचे एलईडी, डीएस१८बी२० तापमान सेन्सर. सगळं दोन हजारांच्या आत. त्यात ओपीटी१०१ सगळ्यात महाग, एलईडी सगळ्यात स्वस्त. पैसे वाचवायला ईएसपी३२ चा स्वतःचा एडीसी वापरू नका. तो दोन्ही टोकांना वाकडा मोजतो, आणि वायफाय चालू असलं की त्याच्या निम्म्या पिना वाचताच येत नाहीत.

६०० सोडून ८५० का घेतलं? यीस्ट एक्स्ट्रॅक्टमुळे माध्यम (जिवाणूंचं द्रव खाद्य) पिवळसर असतं, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं भांडं) जरा जास्त वेळ राहिलं तर तांबूस होतं. ८५० ला हा रंग जवळजवळ दिसत नाही, दिसतो तो फक्त विखुरलेला प्रकाश. पाण्याच्या गढूळपणाचं आयएसओ ७०२७ प्रमाणही ८६० च्या आसपासचाच प्रकाश वापरतं. ९४० चे एलईडी जास्त सहज मिळतात, पण तिथे पाणीच थोडा प्रकाश खायला लागतं.

१५ मार्च

पहिली मांडणी फुकट गेली. एका बाजूला एलईडी, समोरच्या बाजूला सेन्सर, मध्ये बाटली. साध्या पाण्यात झकास रीडिंग. पण बाटलीचा व्यास १८ सेंटीमीटर आहे. एका सेंटीमीटरला ०.१ ओडी (प्रकाश किती अडतो त्याचं माप) म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल असा गढूळपणा. तोच आख्ख्या बाटलीतून गेला की १.८ होतो आणि पलीकडे दोन टक्केसुद्धा प्रकाश पोचत नाही. ०.३ ला तर सेन्सरच्या दृष्टीने पलीकडे भिंतच. म्हणजे वाढ सुरू होते न होते तोच मोजमाप संपलं.

बारीक नळीतून द्रव फिरवून तिथे मोजता येईल, पण मग पेरिस्टाल्टिक पंप, नळ्या, त्यांचं निर्जंतुकीकरण, आणि गळतीची आणखी एक जागा. ते नको.

१८ मार्च

एलईडी आणि सेन्सर एकाच बाजूला, शेजारी शेजारी. पेशींवर आपटून मागे येणारा प्रकाश मोजायचा. जितकं गढूळ तितकं रीडिंग वर.

पहिल्याच तासात समजलं की रीडिंगचा मोठा भाग काचेतून थेट येतोय. एलईडीचा प्रकाश काचेच्या आतल्या आत सरकत सेन्सरपर्यंत जातो. दोघांच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियम फॉइलची उभी पट्टी काचेला चिकटेल अशी दाबून बसवली आणि दोघांना थोडं तिरकं केलं. काचेतून येणारा वाटा बराच उतरला. पूर्ण गेला नाही, पण स्थिर राहिला. स्थिर असेल तर वजा करता येतो.

उरलेला गोंधळ पाठीमागच्या भिंतीचा. माध्यम स्वच्छ असताना प्रकाश आरपार जाऊन मागून परत येतो. म्हणून मागे काळं कापड लावलं, तर रीडिंग कमी व्हायच्या ऐवजी वाढलं! मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघितलं तेव्हा उलगडा झाला. साध्या डोळ्याला कुळकुळीत काळं दिसणारं ते सुती कापड ८५० नॅनोमीटरला राखाडी पांढरं उजळलेलं होतं. कापडाच्या रंगाचा काळेपणा आपल्या डोळ्यापुरताच असतो. बऱ्याच काळ्या प्लास्टिकचंही तेच. शेवटी मेणबत्तीच्या काजळीने काळं केलेलं जाड पुठ्ठ्याचं नळकांडं लावलं. काजळी म्हणजे कार्बन, ती इन्फ्रारेडलाही काळीच. बाहेरून फॉइल.

२३ मार्च

सेन्सरची चाल बघायला बाटलीत पाणी आणि पिपेटने थेंब थेंब दूध. गढूळपणा मोजायला फॉर्मेझिन हे खरं प्रमाण, पण त्यातलं हायड्राझिन सल्फेट विषारी आणि महाग. मॅकफर्लंडची बेरियम सल्फेटची नळी एवढ्या मोठ्या बाटलीला उपयोगाची नाही, शिवाय साका खाली बसतो. दुधाने काम भागलं. सुरुवातीला रेषा सरळ, मग हळूहळू वाकते. खालच्या टोकाला मात्र हा सेन्सर आंधळा आहे. स्पेक्ट्रोवर ०.०५ च्या खाली काही चाललंय याचा त्याला पत्ताच लागत नाही. (नंतरची भर: हे लक्षात ठेवा, मे महिन्यात याच्यावरून घोळ झाला.)

ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. म्हणून एलईडी १०० मिलिसेकंद चालू, १०० मिलिसेकंद बंद, आणि दोन्हींची वजाबाकी. वेळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवला की विजेची लय आपोआप कटते.

२९ मार्च

पहिली खरी बॅच. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल ब्रॉथ, त्यात दोन टक्के मदर कल्चर (आधी वाढवून ठेवलेले मूळ जिवाणू).

आलेख देखणा आला, एक गोष्ट सोडून. दुपारी वाढ ‘थांबते’ आणि रात्री ‘जोर धरते’. दोन दिवस मी त्याची जैविक कारणं शोधत बसलो. मॅडमना (आमच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ) दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, “पाणी भरून ठेवलेल्या बाटलीचा आलेख काढलाय का?” काढला नव्हता. काढला, तर पाण्यालाही तीच लाट.

एलईडी तापला की मंद होतो, अंशाला साधारण अर्धा टक्का. बाटली २८ अंशाच्या पाण्याच्या टबात आहे, पण एलईडी बाहेर, खोलीच्या हवेत. लातूरची मार्चअखेरची खोली: पहाटे २५, दुपारी ३७. म्हणजे फक्त उन्हामुळे सहा टक्के उतार.

४ एप्रिल

डीएस१८बी२० च्या तापमानावरून दुरुस्ती करून बघितली. निम्मीच लाट गेली, कारण सेन्सर हवेचं तापमान सांगतो आणि एलईडीच्या आतलं वेगळं असतं. मग दुसरा ओपीटी१०१ घेतला. तो बाटलीकडे बघतच नाही, नुसता एलईडीकडे बघतो. आता प्रत्येक रीडिंग म्हणजे मागे आलेला प्रकाश भागिले एलईडीचा प्रकाश. लाट जवळजवळ सपाट. हजार रुपयांच्या आतला हा खर्च पहिल्याच दिवशी करा. या सगळ्या खटाटोपात इतकं फळ दुसऱ्या कशानेच दिलं नाही.

७ एप्रिल

सकाळी आलो तर आलेखात पायरी. पहाटे साडेसहाला रीडिंग एकदम चढलं आणि तिथेच राहिलं. मावशींना विचारलं.

“काचेवर डाग होता, पुसून ठेवली. झाकणाला हात लावला नाही हं!”

झाकण सुरक्षित होतं, बाटली फिरली होती. काच सगळीकडे सारखी जाड नसते, जोडावर तर अजिबात नाही. आता प्रत्येक बाटलीवर हिऱ्याच्या पेन्सिलने खूण, टबाच्या कडेवर समोर खूण, आणि सेन्सरचा चिमटा रबरबँडऐवजी जुबली क्लिपने आवळलेला. दर बाटलीचा कोरा आकडा (जिवाणू टाकण्याआधीचं रीडिंग) त्याच जागी, त्याच दिवशी घ्यायचा. एका बाटलीचा कोरा आकडा दुसरीला चालत नाही.

कोऱ्या आकड्याबद्दल आणखी एक. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम एकत्र ऑटोक्लेव्ह केले की माध्यमात बारीक धुरकटपणा येतो आणि मग तो तासन्‌तास खाली बसत राहतो. कोरा आकडा घसरत राहतो तो यामुळे. फॉस्फेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून गार झाल्यावर मिसळायला लागल्यापासून हे थांबलं. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंसाठी ही पद्धत वापरायची असेल तर पिकोव्स्काया माध्यमात प्रयत्नच करू नका. त्यात न विरघळणारं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं, सुरुवातीलाच पांढरंशुभ्र. अ‍ॅझोटोबॅक्टरच्या जेन्सेन माध्यमातही कॅल्शियम कार्बोनेट असतं, तीच कथा.

११ एप्रिल

बुडबुडे. हवेचा पंप चालू असताना रीडिंग थरथरतं, आणि वरच्याच बाजूला, कारण बुडबुडाही प्रकाश मागे फेकतो. सरासरी घेऊन उपयोग नाही, ती बुडबुड्यांच्या बाजूला ओढली जाते. मध्यक घेतला, सुधारलं, पण हवेचा जोर बदलला की मध्यकही सरकतो. सरळ उपाय: पंपाला रिले (बोर्डाने चालू-बंद करता येणारा स्विच), दर दहा मिनिटांनी पंप ४० सेकंद बंद, शेवटच्या १० सेकंदांत रीडिंग. आलेख एकदम शांत झाला. खूश होऊन घरी गेलो.

१४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. दुपारी फोनवर आलेख बघितला तर चढ मंदावलेला. वाटलं, बॅच लवकर भरात आली.

१५ एप्रिल

बॅच गेली. कारण नीट समजून घ्या, हे कुणालाही होईल.

पंप जमिनीवर, बाटली टेबलावर. पंप बंद झाला की हवेच्या नळीतून द्रव उलटा खाली उतरतो. ४० सेकंदांत थोडासाच, पण दर दहा मिनिटांनी, रात्रभर. नळीच्या वाटेत कापसाचा गाळणी-बोळा होता, तो भिजला. भिजल्या कापसातून हवा नीट जाईना, म्हणून वाढ मंदावली. आणि ओल्या कापसातून पलीकडचे जिवाणू आत आले. ग्रॅम स्टेनमध्ये (जिवाणू रंगवून ओळखायची चाचणी) आमच्या गुलाबी बारीक काड्यांबरोबर जांभळ्या जाड काड्यांची गर्दी. साडेतीन लिटर माध्यम, मॅनिटॉल स्वस्त नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आठवडा.

बदल: पंप मांडणीवर, बाटलीच्या पातळीच्या वर. नळीत मत्स्यटाकीचा एकेरी व्हॉल्व, वीस रुपये. कापसाऐवजी पाणी न शोषणारा ०.२ मायक्रॉनचा पडदा असलेला फिल्टर. तिघांपैकी कुठल्याही एकाने ही बॅच वाचली असती. लाइट गेली तरी पंप बंदच पडतो, म्हणजे रिले नसता तरी कधीतरी हे होणारच होतं.

२० एप्रिल

सेन्सरचा आकडा आणि पेशींची संख्या यांची सांगड घालायला सुरुवात. दोन बाटल्या मुद्दाम उघडायच्या ठरवल्या. त्यांतून वेगवेगळ्या वेळी नमुने काढून पातळ करून काँगो रेड हा रंग घातलेल्या घट्ट माध्यमावर प्लेट्स. एकेका जिवंत पेशीची वसाहत उठते, त्या मोजायच्या. या जिवाणूच्या वसाहती मोजण्याइतक्या दिसायला आठवडा लागतो, त्यामुळे आज काढलेल्या नमुन्याचं उत्तर २७-२८ तारखेला. घाई करणाऱ्याने या जिवाणूच्या वाटेला जाऊ नये.

२८ एप्रिल

उत्तरं आली. दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन ठिपके मांडले. चढत्या टप्प्यात रेषा चांगली बसते. पण तिच्याभोवतीचा पट्टा रुंद आहे आणि तो अरुंद होणार नाही. प्लेटवर १०० वसाहती मोजल्या तर केवळ नशिबाच्या खेळाने दहा टक्के इकडेतिकडे होतात, त्यावर दर पातळीकरणाच्या पिपेटची चूक. शिवाय हे जिवाणू डिंकासारखा चिकट पदार्थ सोडतात आणि पुंजके करतात, मग पाच पेशींची एकच वसाहत उठते. आमच्या ठिपक्यांवरून नव्या रीडिंगसाठी ९५ टक्क्यांचा पट्टा काढला तर तो साधारण निम्म्यापासून दुपटीपर्यंत. म्हणजे सेन्सर ‘१०० कोटी’ म्हणतो तेव्हा खरा आकडा ५० ते २०० कोटींत कुठेही असू शकतो.

आमचे व्यवस्थापक म्हणाले, “मग एवढा खटाटोप कशाला केला?” रास्त प्रश्न आहे. पण ट्यूबलाइटसमोर धरून ‘झालं’ म्हणताना हा पट्टा किती होता, ते कुणी कधी मोजलंच नव्हतं. कायद्याला हवेत १० कोटी. पट्ट्याचं खालचं टोक ५० वर असेल तर पाकीट भरायला हरकत नाही. आता नोंदवहीत आकडा एकटा लिहायचा नाही, दोन्ही टोकांसह लिहायचा असं ठरवलंय.

२ मे

आता भाकीत. बॅच कधी भरात येईल ते आदल्या दिवशी कळलं तर भरणीच्या माणसांना वेळेवर बोलावता येईल.

गोम्पर्ट्झचं वक्र घेतलं. मुळात १८२५ चं, विम्याच्या हिशेबासाठी माणसांच्या मृत्युदरावर बेतलेलं. जिवाणूंसाठी १९९० मध्ये झ्वीटरिंग आणि सहकाऱ्यांनी त्याला असं रूप दिलं की त्यातले तीन आकडे थेट वाचता येतात: सुरुवातीची थांबणूक, जास्तीत जास्त वेग, आणि शेवटची उंची. आर या सांख्यिकीच्या प्रोग्राममध्ये एनएलएस ने (वक्र बसवणारी आज्ञा) बसवलं. पूर्ण झालेल्या बॅचवर छान बसलं. चालू बॅचवर तिसाव्या तासाला बसवलं तर शेवटची उंची आली ती अशक्य, बाटलीत मावणार नाहीत इतक्या पेशी. तासाभराने पुन्हा बसवलं, उंची भलतीच. मध्येच ‘सिंग्युलर ग्रेडियंट’ म्हणून आर हात वर करतो. आणि या प्रत्येक वेळी आर-वर्ग (वक्र ठिपक्यांवर किती बसलं याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) ०.९९ च्या वर!

आर-वर्गाकडे बघणं त्या दिवसापासून बंद. वक्र वळायच्या आधी त्याची उंची त्या बॅचच्या आकड्यांत नसतेच. अर्धा घाट चढलेल्याला माथा किती उंच हे पायाखालच्या रस्त्यावरून सांगता येत नाही. त्या घाटाने आधी गेलेल्याला विचारावं लागतं.

आणि तो मार्चमधला आंधळेपणा. मॉडेल थांबणूक सांगत होतं वीस तास. मदर कल्चर शिळं झालं की काय म्हणून मॅडमच्या मागे भुणभुण लावली. कल्चर ठणठणीत होतं. वीस तासांतले बरेचसे तास जिवाणू वाढतच होते, फक्त सेन्सरला दिसतील इतके झाले नव्हते. मदर कल्चर निम्मं टाकलं की ही ‘थांबणूक’ बरोबर एका दुपटीच्या वेळाने लांबते, यावरून पडताळलं. प्रकाशावरून काढलेल्या या आकड्याला जैविक अर्थ लावू नका.

९ मे

आधीच्या घाटकऱ्यांना विचारायचं काम. मिश्र-परिणाम मॉडेल: प्रत्येक बॅचची उंची आणि वेग थोडे वेगळे, पण सगळे एकाच कुळातले. चालू बॅचचे आकडे थोडे असतील तर मॉडेल जुन्या बॅचेसवर रेलतं, आकडे वाढत गेले की स्वतःच्या पायावर उभं राहतं. आर मधलं एनएलएमई आमच्या थोडक्या बॅचेसवर वारंवार अडकलं, म्हणून ब्रम्स या आर मधल्याच दुसऱ्या पॅकेजवर गेलो. जुन्या लॅपटॉपवर एक फेरी चालायला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागतो. चालतं.

तरी एक खोट राहिली होती. बॅच कधी भरात येईल याचा अंदाज मॉडेल देत होतं अधिक-उणे वीस मिनिटं. चार दिवसांच्या बॅचला वीस मिनिटं? कुणीही हसेल. लागोपाठची रीडिंग एकमेकांना चिकटलेली असतात. एक वर गेलं की पुढची सहा-सात वरच. मॉडेल मात्र प्रत्येकाला वेगळा साक्षीदार समजत होतं, म्हणून नुसत्या संख्येच्या जोरावर खात्री वाढत गेली. उरलेल्या फरकांचा आलेख काढला तर त्यात स्वच्छ लाटा. उपाय: अर्ध्या अर्ध्या तासाचे मध्यक घेतले आणि फरकांसाठी पहिल्या दर्जाचा ऑटोरिग्रेशन जोडला, म्हणजे प्रत्येक फरक आधीच्या फरकावर थोडा अवलंबून धरला. अंदाज आला अधिक-उणे पाच तास. पाच तास खरे वाटतात. जुन्या बॅचेस एकेक बाहेर ठेवून तपासल्या, बहुतेकींची खरी वेळ पट्ट्यात पडली.

१६ मे

रात्री अकराला फोनवर सूचना: बाटली तीनचा चढ मर्यादेबाहेर.

हा नियम गेल्याच आठवड्यात घातला होता. जुन्या बॅचेसच्या वेगाची जी वरची मर्यादा येते, तिच्यावरचा फरक साठवत जायचा आणि साठा ठरावीक उंचीवर गेला की ओरडायचं. ही क्युसम पद्धत, पेजने १९५४ मध्ये मांडलेली, कारखान्यातला माल तपासण्यासाठी. इथे ती चपखल बसते, कारण आमचा जिवाणू गोगलगाय आणि घुसखोर बहुधा बॅसिलस, जो तासा-दीड तासात दुप्पट होतो. सुरुवातीला मूठभर असतो म्हणून दिसत नाही. पण दिसायला लागला की चढ असा उभा राहतो की रायझोबियमला ते जमणारच नाही.

सकाळी मॅडमनी बाटली न हलवता नमुना काढला, पेटवलेल्या बर्नरशेजारी. ग्रॅम स्टेनमध्ये जांभळ्या काड्या, काहींत बीजाणूही. ब्रोमोथायमॉल ब्लूच्या (आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलणाऱ्या) प्लेटवर आपला जिवाणू निळा रंग देतो, ही प्लेट मध्ये मध्ये पिवळी पडली. तीन नंबर सिंकमध्ये, आधी ऑटोक्लेव्ह करून. ती त्याच दिवशी संध्याकाळी टाकीत जाणार होती आणि टाकीत शंभर लिटर माध्यम तयार होतं.

१९ मे

खोटी सूचना. लाइट गेली, टबाचा थर्मोस्टॅट परत आल्यावर अडकला, पाणी ३३ अंशांवर. चढ बदलला, ओरड झाली. आता पाण्याचं तापमान २७ ते २९ च्या बाहेर असेल किंवा गेल्या तासाभरात पंप नाहक बंद पडला असेल तर सूचनेच्या शब्दांतच तसं येतं: ‘चढ जास्त, पण तापमान बघा’. सूचना गिळायची नाही. गिळणारा नियम आधी करून बघितला होता, तो मॅडमनी काढायला लावला. त्यांचं म्हणणं, लाइट जाते तेव्हाच तर बॅचेस बिघडतात.

२४ मे

बाटली तीनऐवजी चार आणि पाच टाकीला गेल्या. पाच नंबर मुद्दाम बारा तास जास्त ठेवली होती, टाकीत ओतण्याआधी दोनदा नमुने घेतले. सेन्सरचा आकडा शेवटपर्यंत चढतच राहिला, स्पेक्ट्रोचाही. प्लेट्सचं उत्तर जूनमध्ये येईल.

१ जून

आलं. शेवटच्या बारा तासांत प्रकाश वाढला, जिवंत पेशी वाढल्या नाहीत, थोड्या घटल्याच. मॅनिटॉल भरपूर आणि नायट्रोजन संपत आलेला असला की हा जिवाणू पोटात पीएचबीचे (राखीव अन्नाचे) कण साठवतो. कणांमुळे पेशी जास्त प्रकाश फेकते. मेलेली पेशीही गढूळच दिसते. म्हणून २८ एप्रिलची रेषा फक्त चढत्या टप्प्यापुरती. चढ सर्वाधिक वेगाच्या निम्म्यावर आला की आकड्याचं पेशींत रूपांतर करणं प्रोग्राम आपणहून थांबवतो आणि नुसतं ‘काढा’ असं दाखवतो. बॅच काढायची खूणही आता तीच: उंची नव्हे, चढ निम्म्यावर येणं.

७ जून

वळवाचा पाऊस दोनदा झाला आणि नवीन दुखणं आलं. हवा दमट झाली, टबातलं पाणी आणि काच हवेपेक्षा गार, काचेवर बाहेरून दव. सेन्सरला वाटतं बाटलीत ढग आला. नळकांड्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि एलईडीशेजारी एक छोटा रेझिस्टर सतत कोमट ठेवला. पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदलायच्या, सध्या दर तीन-चार दिवसांनी.

११ जून

मोसमाची शेवटची बाटली काढली. एका बाटलीचा संच आता साडेतीन हजारांपर्यंत जातो: दुसरा फोटोडायोड, रिले, फिल्टर आणि व्हॉल्व धरून. प्लेट्सचं माध्यम आणि मॅडमचा वेळ यात धरलेला नाही, आणि खरा खर्च तोच आहे. कुणी फक्त संच बनवून विकणार असेल तर हे आधी विचारून घ्यावं.

रब्बीसाठी हरभऱ्याचं रायझोबियम सप्टेंबरपासून वाढवायचंय. जिवाणू वेगळा, मेसोरायझोबियम, वेगही वेगळा. सोयाबीनची रेषा, वेगाची मर्यादा आणि क्युसमची उंची त्याला लागू नाहीत. तिन्ही नव्याने, प्लेट्ससकट. ऑगस्टमध्ये दोन बाटल्या त्यासाठी राखून ठेवल्यात, आणि काँगो रेडची बाटली संपत आली आहे ती मागवायची.